आधुनिकतावादी कादंबरीतला 'मी' : सर्वनामं आणि क्रियापदं धरून वाचन

टिपकागद (धागाकर्ता)

'आधुनिकतावादी कादंबरीत स्व भंगलेला असतो' हे वाक्य परीक्षणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून इतकं फिरलंय की त्याला आता धार उरलेली नाही. भंगलेला म्हणजे कसा? कुठल्या पानावर, कुठल्या वाक्यात? हा धागा त्या शोधासाठी आहे.

माझं म्हणणं असं: साधारण १९०० ते १९४० मधल्या या कादंबऱ्यांत 'मी कोण' हा प्रश्न पात्रं बोलून दाखवतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तो वाक्यरचनेत दडलेला असतो. म्हणून हातात पेन्सिल घेऊन वाचावं. बघणारे डोळे कुणाचे आहेत, सर्वनाम कुठलं आलंय आणि ते कुठे बदललं, पात्राला कोण कुठल्या नावाने हाक मारतंय, आणि क्रियापद कुठल्या काळात आहे, या चार गोष्टींवर खुणा करत गेलं की 'भंगलेला' या शब्दाची गरजच पडत नाही. उलट बऱ्याच वेळा दिसतं ते जोडकाम. माणूस स्वतःला क्षणाक्षणाला गोळा करत असतो आणि लेखक ते गोळा करणं दाखवत असतो.

एक जागा अगदी जवळून बघू. व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' (१९२५). जून १९२३ मधला लंडनमधला एक दिवस, संध्याकाळी क्लॅरिसा डॅलोवेच्या घरी पार्टी. तिला बावन्नावं वर्ष नुकतंच लागलंय, इन्फ्लुएंझाने हृदयावर परिणाम झालाय. फुलं घेऊन घरी आल्यावर कळतं की लेडी ब्रूटनने नवऱ्याला एकट्यालाच जेवायला बोलावलंय, हिला नाही. ती खट्टू होऊन माडीवरच्या खोलीत जाते आणि आरशात बघते. बघताना ओठ किंचित आवळते, चेहऱ्याला टोक यावं म्हणून. हाच आपला स्व, ती म्हणते: टोकदार, बाणासारखा, निश्चित. पण लगेच पुढच्या वाक्यात अट येते. कुणाची तरी हाक आली, काही प्रयत्न करावा लागला, की वेगवेगळे भाग ओढून एकत्र आणले जातात तेव्हाचाच हा स्व. ते भाग एकमेकांशी किती विसंगत आहेत हे फक्त तिलाच ठाऊक.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवा. एक, मूळ इंग्रजीत 'हर सेल्फ' हे दोन सुटे शब्द आहेत. 'स्वतः' हा साधा शब्द फोडून वुल्फने 'तिचा स्व' ही वस्तू बाहेर काढलीय, जणू आरशात दिसणारी. दोन, यानंतर क्लॅरिसा फाटलेला हिरवा पोशाख शिवायला घेते आणि सुई रेशमाच्या घड्या एकत्र गोळा करते. आधी चेहऱ्याचे भाग, मग कापडाच्या घड्या, क्रिया तीच. शिवण हे इथे सजावटीचं रूपक नाही. आरशातली क्रिया हातांनी पुन्हा केली जाते, आणि या वेळी ती शांतपणे जमते.

तुमच्याकडच्या जागा टाका. सिद्धांत नंतर, आधी वाक्यं.

---

अर्धविराम

पुढे गल्लत होऊ नये म्हणून तीन संज्ञा आधीच वेगळ्या करतो. तिन्हींना मराठीत सरसकट 'संज्ञाप्रवाह' म्हटलं जातं आणि तिथेच वाचन बिघडतं.

संज्ञाप्रवाह हा मानसशास्त्रातला शब्द. विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या ग्रंथात मनाचं वर्णन करायला तो रुळवला. मे सिंक्लेअरने १९१८ मध्ये डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना तो साहित्याला लावला. म्हणजे हे कादंबरीत *काय* दाखवायचं त्याचं नाव आहे, *कसं* दाखवायचं त्याचं नाही.

अंतर्गत स्वगत हे तंत्र. मध्ये निवेदक नाही, 'तो म्हणाला' नाही, मनातलं थेट प्रथमपुरुषात, बहुधा वर्तमानकाळात. एदुआर द्युजार्दाँने १८८७ मध्येच एक अख्खी छोटी कादंबरी अशी लिहिली होती आणि जॉइसने त्याचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं होतं.

मुक्त अप्रत्यक्ष कथन हे तिसरं. व्याकरण निवेदकाचं (ती, भूतकाळ), शब्द आणि सूर पात्राचा. हे आधुनिकतावाद्यांनी शोधलेलं नाही. जेन ऑस्टिनमध्ये आहे, फ्लोबेरमध्ये भरपूर आहे. वुल्फने नवं केलं ते असं की न सांगता एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायचं. बाँड स्ट्रीटवर मोटारीचा मोठा आवाज होतो, फुलांच्या दुकानात क्लॅरिसाला वाटतं पिस्तूल उडालं. तोच आवाज रस्त्यावर युद्धातून मनाने खचून परतलेल्या सेप्टिमस वॉरन स्मिथला ऐकू येतो आणि परिच्छेद त्याचा होऊन जातो. मग आकाशात धुराने अक्षरं काढणारं विमान, आणि खाली उभा प्रत्येक जण ती अक्षरं वेगळी वाचतो. म्हणून 'मिसेस डॅलोवे म्हणजे अंतर्गत स्वगत' असं कुणी लिहिलं की समजावं, सर्वनामांकडे लक्षच दिलेलं नाही.

तपासायची सोपी युक्ती: परिच्छेदातलं 'ती' काढून 'मी' घाला. वाक्य न अडखळता चाललं तर बघणारे डोळे पात्राचे. अडखळलं तर निवेदक बाहेर उभा आहे.

काफ्काने ही अदलाबदल प्रत्यक्ष केली होती. 'द कॅसल' त्याने १९२२ मध्ये 'मी' घालूनच लिहायला घेतली होती. तिसऱ्या प्रकरणात पोचल्यावर त्याने बेत बदलला आणि मागे जाऊन हस्तलिखितातला 'मी' खोडून जागोजाग 'के.' केलं. नुसत्या सर्वनामाच्या बदलावर एवढा मजकूर तगला, कारण दृष्टी पहिल्यापासून एकाच माणसाची होती. पण परिणाम पार बदलला. 'मी' म्हणणाऱ्याला निदान स्वतःचा आवाज तरी असतो. 'के.'ला उरतं ते एक आद्याक्षर. ज्या गावात 'तुम्ही जमीनमोजणीदार आहात याचा कागद कुठेय' हाच कळीचा प्रश्न, तिथे हे आद्याक्षर किती योग्य बसलंय बघा.

---

नदीकाठ

युक्ती आवडली. पण सर्वनाम टिकतं आणि माणूस बदलतो, त्याचं काय? 'मी' कालही मीच आणि आजही मीच, यातला दुवा कोणता? यावर जॉइसची एक जागा आहे, 'युलिसिस'च्या (१९२२) नवव्या प्रकरणात, डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात.

स्टीफन डेडॅलसने कवी जॉर्ज रसेलकडून एक पौंड उसना घेतलेला आहे. रसेल लिहायचा 'ए. ई.' या टोपणनावाने. दिवस १६ जून १९०४. स्टीफनला सकाळीच शाळेतून तीन पौंड बारा शिलिंग पगार मिळालाय, म्हणजे पैसे नव्हते ही सबब नाही. रसेल समोर बसलाय. स्टीफन मनातल्या मनात जाब-जबाब करतो: परत देणार का? हो. कधी? आत्ता? नाही... मग सुटकेची वाट सापडते. पाच महिने झाले, शरीरातले अणुरेणू सगळे बदलले, आता मी दुसराच मी आहे, पौंड घेतला तो वेगळा मी.

तर्क असा की शरीर म्हणजे माणूस असेल तर कर्ज बुडालं. पण स्टीफन जेझुइटांच्या शाळेत शिकलेला, ॲरिस्टॉटल पचवलेला. तो स्वतःलाच अडवतो: रूपं बदलत राहिली तरी स्मृतीमुळे मी तोच. ज्याने पाप केलं, प्रार्थना केली, उपास केले तो मी. लहानपणी फादर कॉन्मीने ज्याला छड्यांपासून वाचवलं तो मी. आणि मग येते ती प्रसिद्ध ओळ, जिच्यात 'मी' या अक्षराशिवाय जवळजवळ काहीच नाही: *मी, मी आणि मी. मी.*

विरामचिन्हांकडे बघा. पहिल्या तिघांत स्वल्पविराम आणि 'आणि' आहे, म्हणजे तीन वेगळे मी ओळीत उभे. मग पूर्णविराम. मग एकटा मी. ती बेरीज आहे की नवीन सुरुवात, हे जॉइस सांगत नाही.

पुढची ओळ इंग्रजीतले पाच स्वर: ए. ई. आय. ओ. यू. मोठ्याने वाचलं की होतं 'ए. ई., आय ओ यू', म्हणजे 'ए. ई., मी तुझं देणं लागतो'. उसनवारीच्या चिठ्ठीवर हीच अक्षरं लिहायची पद्धत. मी तोच आहे हे सिद्ध झालं, आणि त्याची किंमत एक पौंड. भाषांतरात ही ओळ मरते. स्वर ठेवले तर देणं जातं, देणं ठेवलं तर स्वर जातात. तळटीप टाकण्यापलीकडे उपाय दिसत नाही.

---

ओसरी

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर मराठीकडे वळते, कारण सर्वनामांच्या बाबतीत आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि भाषांतरात ती श्रीमंती क्वचितच वापरली जाते.

पहिली गोष्ट 'आपण'. ही तीन रूपं बघा:

ती खिडकीशी थांबली. 'मी त्याला उगाच बोलावलं,' तिला वाटलं.

ती खिडकीशी थांबली. तिने त्याला उगाच बोलावलं होतं.

ती खिडकीशी थांबली. उगाच बोलावलं आपण त्याला.

पहिलं सरळ उद्धृत. दुसऱ्यात मत कुणाचं तेच कळत नाही, निवेदकाचंही असू शकेल. तिसऱ्यात निवेदक 'ती' म्हणतोय आणि पुढच्याच वाक्यात आपण तिच्या डोक्यात आहोत, अवतरणचिन्हाशिवाय. इंग्रजी मुक्त अप्रत्यक्ष कथनाला 'शी'वरच भागवावं लागतं. मराठीकडे 'मी' आणि 'ती' यांच्या मधोमध एक पायरी तयार आहे. शिवाय क्लॅरिसा स्वतःबद्दल विचार करताना जे 'वन' वापरते (त्या वर्गाच्या इंग्रजीची लकब), तेही 'आपण'मध्ये अलगद बसतं. 'एखाद्याला वाटतं' असं केलं की वाक्य लाकडी होतं.

बिघडतं कुठे? 'आपण'चे अर्थ तीन: स्वतः, आपण सगळे, आणि आदरार्थी तुम्ही. दोन-तीन वाक्यांच्या पुढे नुसतं 'आपण' चालू ठेवलं की वाचक 'हे सगळ्यांबद्दल आहे का?' असं विचारू लागतो. म्हणून मध्येमध्ये 'तिला', 'तिच्या' असा एखादा खुंटा ठोकत जावं. संवादाच्या लगेच पुढे 'आपण' टाळावं, तिथे ते 'तुम्ही'सारखं ऐकू येतं.

दुसरी गोष्ट लिंग. इंग्रजी 'आय'ला लिंग नाही. मराठीत 'मी आले', 'मी आलो' म्हटलं की झालं उघड. 'ऑर्लांडो'मध्ये (१९२८) नायक झोपेतून बाई होऊन उठतो. वुल्फ सांगते की लिंग बदललं, ओळख तसूभरही बदलली नाही. त्या जागी ती क्षणभर 'त्यांचं भविष्य, त्यांची ओळख' असं अनेकवचन वापरते, मग 'त्याची स्मृती' असं लिहायला जाते आणि थांबून म्हणते, रिवाज म्हणून यापुढे 'तिची' म्हणू. इंग्रजीत बदल सर्वनामापुरता. मराठीत 'उठला'ची 'उठली' होते, 'दमलेला'ची 'दमलेली', वाक्यातला निम्मा मजकूर कूस बदलतो. ओळख बदलली नाही असं सांगणारं वाक्यच मराठीत ओळख बदलल्यासारखं दिसायला लागतं. इथे 'आपण' पुन्हा कामी येतं, कारण 'आपण गेलो' बाई आणि पुरुष दोघांचंही.

तिसरी गोष्ट 'द वेव्हज'मधली (१९३१). सहा आवाज: बर्नार्ड, सुझन, ऱ्होडा, नेव्हिल, जिनी, लुई. पहिल्या ओळींत ते लहान मुलं आहेत. बर्नार्ड म्हणतो, मी एक कडं बघतो. ऱ्होडा म्हणते, मी एक आवाज ऐकते. पण मराठी कान सांगतो 'मला कडं दिसतंय', 'मला आवाज येतोय'. आपल्याकडे अनुभव *माणसाला होतो*, माणूस तो करत नाही. 'मला' घेतलं की लिंग लपतं हा फायदा, पण 'मी'चं कर्तेपण जातं. माझ्या मते सुरुवातीला सगळ्यांना 'मला'वर ठेवावं. मुलांचं स्व अजून घट्ट झालेलं नाही, जग त्यांच्यावर येऊन आदळतंय. पुढे बर्नार्ड आणि जिनी 'मी'वर येतील. ऱ्होडाला शेवटपर्यंत 'मला'वर ठेवावं. जी म्हणते मला चेहरा नाही, तिला कर्ता करून कसं चालेल?

---

टिपकागद

ऱ्होडाला 'मला'वर ठेवणं ही सूचना मोलाची आहे. एकच शंका: असं ठरवून केलं तर भाषांतरकार लेखकाच्या वतीने अर्थ लावतोय असं नाही का होत? मूळात सहाही जण एकसारखंच 'आय' म्हणतात, एकाच सुरात, एकाच 'म्हणाला/म्हणाली'ने. तो एकसारखेपणा हाच मुद्दा असू शकतो. शेवटी बर्नार्डलाच प्रश्न पडतो की मी एक आहे की हे सहाही जण मीच.

---

ओसरी

खरं आहे. पण मराठीत तटस्थ पर्याय उपलब्धच नाही. 'मी बघते/बघतो' निवडलं तरी तो अर्थ लावणंच झालं, फक्त नकळत केलेलं.

---

चौथी_ओळ

व्याकरणावर एवढा भर दिला की एक बाजू राहून जाते: कागद, नाव, पैसा, दुसऱ्यांचे डोळे. ओळख ही मनातली गोष्ट असण्याआधी नोंदवहीतली गोष्ट असते. इटालियन लेखक पिरांदेल्लो यातला पक्का.

'द लेट मात्तिया पास्काल' (१९०४): ग्रंथपाल मात्तिया घरातून निघून जातो, माँटे कार्लोत जुगारात बक्कळ जिंकतो आणि परतीच्या गाडीत वर्तमानपत्रात वाचतो की गावातल्या गिरणीच्या पाटात प्रेत सापडलं, ते त्याचंच म्हणून बायकोने आणि सासूने ओळखलं. फुकटचं स्वातंत्र्य! तो नवं नाव जुळवतो ते डब्यातल्या अनोळखी प्रवाशांच्या वादातून कानावर पडलेल्या तुकड्यांवरून: आद्रियानो मेईस. दाढी काढतो, पुढे तिरळा डोळाही शस्त्रक्रियेने सरळ करून घेतो.

मग एकेक अडचण. कुत्रा पाळायचा तर कर भरायला नाव लागणार. खोलीतून पैसे चोरीला गेले तर पोलिसांत जाता येत नाही, कारण फिर्यादी अस्तित्वातच नाही. प्रेम जमलं, पण लग्नाला कागद लागतो. शेवटी आद्रियानोला 'बुडवून' तो गावी परततो, तर बायकोने दुसरं लग्न करून तिला मूलही झालेलं. उरतं काय? ग्रंथालयात बसून लिहिणं आणि अधूनमधून स्वतःच्याच थडग्यावर फुलं वाहणं. हे कथानक तपशीलवार सांगितलं कारण इथे 'स्व'बद्दलचं तत्त्वज्ञान कुत्र्याच्या करातून आणि चोरीच्या तक्रारीतून येतं.

दुसरी बाजू 'वन, नो वन अँड वन हंड्रेड थाउजंड' (१९२६) मध्ये. अठ्ठावीस वर्षांचा मोस्कार्दा आरशासमोर उभा. बायको सहज म्हणते, तुझं नाक उजवीकडे कललंय. त्याला हे कधीच माहीत नव्हतं. मग ती पुढे सांगत सुटते: भुवया डोळ्यांवर '^ ^' अशा खुणांसारख्या, कान नीट बसलेले नाहीत, एक जास्त बाहेर, करंगळ्या, आणि उजवा पाय किंचित बाकदार. मोस्कार्दाच्या लक्षात येतं की बायको ज्याच्यावर प्रेम करते तो 'जेंजे' नावाचा कुणी वेगळाच इसम आहे, तिने स्वतः घडवलेला. गावातल्या प्रत्येकाकडे असा एकेक मोस्कार्दा आहे, आणि बहुतेकांकडचा सावकाराचा मुलगा सावकार आहे.

क्लॅरिसा आरशात भाग एकत्र आणते, मोस्कार्दाच्या आरशात ते सुटतात. दोन्ही पुस्तकं वर्षभराच्या अंतराने आली. कोणतंही एकच वाचून 'आधुनिकतावादी स्व असा असतो' असं विधान करू नये.

---

अर्धविराम

नोंदवहीच्या मुद्द्याला जोड. रॉबर्ट मुसिलच्या 'द मॅन विदाउट क्वालिटीज'च्या पहिल्या खंडात (१९३०), आठव्या प्रकरणात, एक मोजदाद आहे. देशातल्या प्रत्येक रहिवाशाला किमान नऊ स्वभाव असतात: पेशाचा, राष्ट्राचा, राज्यसंस्थेचा, वर्गाचा, भूगोलाचा, लिंगाचा, जाणिवेतला, नेणिवेतला, आणि कदाचित एखादा खाजगीही. माणूस म्हणजे या नऊ ओहोळांनी कोरलेला खळगा. दहावा स्वभाव म्हणजे न भरलेल्या जागेची कल्पना करण्याची मुभा. 'कदाचित' हा शब्द खाजगी स्वभावाच्याच आधी येतो. बाकीचे आठ पक्के.

मुसिलने १९०८ मध्ये बर्लिनमध्ये तत्त्वज्ञ एर्न्स्ट माखवर प्रबंध लिहिला होता. 'मी' ही संवेदनांची तात्पुरती मोळी आहे, तो वाचवण्याजोगा नाही, असं माखने १८८६ मध्ये म्हटलं होतं. म्हणजे ही हवा महायुद्धाच्या आधीची आहे. 'युद्धामुळे स्व तुटला' हे अर्धंच कारण. डी. एच. लॉरेन्सने मित्र एडवर्ड गार्नेटला पत्रात 'माझ्या कादंबरीत तो जुना स्थिर अहं शोधू नका' असं लिहिलं त्याची तारीख ५ जून १९१४, युद्ध सुरू व्हायच्या दोन महिने आधीची. त्याचा दाखला रसायनशास्त्रातला: हिरा आणि कोळसा यांची गोष्ट मला सांगायची नाही, मला कार्बन हवाय.

---

नदीकाठ

फॉकनरशिवाय हा धागा अपुरा राहील. 'ॲज आय ले डाइंग' (१९३०): ५९ तुकडे, १५ निवेदक, प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर नाव. आई ॲडी बंड्रेन मरते आणि घरातली मंडळी तिचं शव गाडीत घालून तिच्या माहेरच्या गावी, जेफर्सनला, पुरायला निघतात. ॲडीचा स्वतःचा तुकडा एकच, आणि तो येतो ती मेल्यानंतर. सगळ्यात जास्त, १९, मुलगा डार्लचे.

डार्लचा एक रात्रीचा तुकडा फक्त 'आहे' आणि 'होतं' या क्रियापदांवर चालतो. परक्या खोलीत झोपायचं तर आधी स्वतःला रिकामं करावं लागतं. रिकामं झाल्यावर मी काय? भावाला, ज्युएलला, असला प्रश्न पडत नाही, म्हणून तो *आहे*. तो आहे म्हणजे आई अजून असली पाहिजे. आणि म्हणजे मीही असलो पाहिजे. अस्तित्वाचा पुरावा दुसऱ्याकडून उसना घेऊन तो कसाबसा झोपेपर्यंत पोचतो.

आता त्याचा शेवटचा तुकडा. त्याला पकडून जॅक्सनच्या मनोरुग्णालयाकडे नेतायत. वर नाव 'डार्ल'च आहे, आणि पहिलं वाक्य: डार्ल जॅक्सनला गेला. तृतीयपुरुष! पुढे 'हसतोस कशाला?' असं मी विचारलं, असंही येतं. म्हणजे 'मी' आहे, आणि डार्ल त्याच्यासमोर बसलाय. शेवटी 'आमचा भाऊ डार्ल' म्हणताना तो घरच्यांच्या बाजूने बोलतोय. वर 'अर्धविराम' यांनी सांगितलेली 'मी'-'ती'ची अदलाबदल इथे पात्र स्वतःच करतं. वाचताना हमखास चूक होते ती अशी की हा तुकडा दुसऱ्या कुणी सांगितलाय असं समजून पुढे जायचं. वरचं नाव पुन्हा बघा.

---

टिपकागद

डार्लच्या शेजारी सेप्टिमस ठेवून बघावा. १९२८ मधल्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत वुल्फने सांगितलंय की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच, पार्टीच्या शेवटी मृत्यू यायचा होता तो मिसेस डॅलोवेला. म्हणजे एका पात्राची दोन केली गेली. दोघं कादंबरीभर एकमेकांना भेटत नाहीत.

त्यामुळे दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि दोघांकडे काय काय सामायिक जातं ते खुणवा. बिग बेनचे ठोके. तो मोटारीचा आवाज. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'मधली उन्हाच्या तापाला आता भिऊ नको म्हणणारी ओळ, जी क्लॅरिसा सकाळी पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत वाचते आणि दुपारी सेप्टिमसच्या मनात उमटते. कुणी कुणाला सांगितलेली नाही. मनाची कुंपणं इथे गळकी आहेत आणि ती तशी बांधलेली आहेत.

रात्री डॉक्टर ब्रॅडशॉची बायको पार्टीत सेप्टिमसच्या आत्महत्येची बातमी आणते. क्लॅरिसा बाजूच्या खोलीत एकटी जाते. तिला आठवतं, आपण एकदा सर्पेंटाइन तळ्यात एक शिलिंग फेकलं होतं, बस, त्यापलीकडे कधीच काही नाही. एका शिलिंगाच्या मापाने ती आपलं आणि त्या अनोळखी मुलाचं आयुष्य मोजते. 'सेप्टिमस म्हणजे वेडाचं प्रतीक' अशी नोंद करून पुढे गेलेल्या वाचकाला हे शिलिंग दिसतच नाही.

---

पाटीपेन्सिल

वाचतोय सगळं. यातलं काहीच वाचलेलं नाही त्याने सुरुवात कुठून करावी?

---

अर्धविराम

काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' (१९१५), तीनच भाग आहेत. पहिल्या भागात रातोरात किडा झालेला ग्रेगोर दाराआडून कारकुनाला लांबलचक खुलासा करतो. आपण व्यवस्थित बोललो असं त्याला वाटतं, बाहेरच्यांना ऐकू येतो तो जनावराचा आवाज. त्या अर्ध्या पानावर या धाग्यातला निम्मा विषय आहे.

मग 'मिसेस डॅलोवे'. विमानापर्यंतची पानं एका बैठकीत, शक्य तर मोठ्याने वाचा. तुकड्यातुकड्याने वाचलं की डोकी बदललेली कळत नाहीत.

'युलिसिस' पहिल्या प्रकरणापासून सुरू करून बहुतेक जण तिसऱ्यात अडकतात, कारण ते स्टीफनच्या डोक्यातलं सगळ्यात दाट प्रकरण आहे. चौथ्यापासून, नायक ब्लूमच्या न्याहारीपासून, सुरू करा. चार, पाच, सहा झाली की मागे एकवर या. मार्गदर्शिका प्रकरण वाचून झाल्यावर उघडा, आधी नाही.

---

चौथी_ओळ

आणि मराठीत मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) जरूर. संज्ञाप्रवाहाचा मराठीतला पहिला ठळक प्रयोग म्हणून तिचं नाव सगळे घेतात, वाचणारे थोडे. नंतर 'कोसला' (१९६३) याच चार खुणांनी वाचून बघा. पांडुरंग सांगवीकर स्वतःचं वय सांगतानासुद्धा 'उदाहरणार्थ' म्हणतो. स्वतःचं वय हे कशाचं उदाहरण? त्या एका क्रियाविशेषणाने 'मी'च्या खालची सतरंजी ओढलीय, आणि ती चाल पूर्णपणे मराठी आहे. युरोपातून उचललेली नाही.

---

ओसरी

सर्वनामांचं झालं, पण आदरार्थी रूपांचं राहिलं. भाषांतर करणाऱ्यांसाठी ही सगळ्यात अवघड गाठ.

'मिसेस डॅलोवे'चं पहिलं वाक्य: फुलं स्वतःच आणू, असं मिसेस डॅलोवे... म्हणाली की म्हणाल्या? 'मिसेस'नंतर मराठी जीभ 'म्हणाल्या'च म्हणते. पण 'म्हणाल्या' केलं की निवेदक उंबऱ्याबाहेर, पाहुण्यासारखा उभा राहतो, आणि पुढच्याच ओळीत त्याला तिच्या मनात शिरायचंय. थोड्याच पानांनी बाँड स्ट्रीटवर चालताना तिला वाटतं की आता आपण कुणालाच दिसत नाही. आता पुन्हा लग्न व्हायचं नाही, आणखी मुलं व्हायची नाहीत, उरलंय ते फक्त मिसेस डॅलोवे असणं. क्लॅरिसासुद्धा नाही, मिसेस रिचर्ड डॅलोवे. नाव नवऱ्याचं, आडनाव नवऱ्याचं. इंग्रजीत हे तिला सांगून दाखवावं लागतं. मराठीत ते क्रियापदाच्या शेपटातून दाखवता येईल: पहिल्या वाक्यात 'म्हणाल्या', मग ती दार उघडून सकाळच्या हवेत पाऊल टाकते तिथून 'ती' आणि 'म्हणाली', पार्टीत जिन्याच्या वर उभी राहून पाहुण्यांचं स्वागत करते तिथे परत 'म्हणाल्या'. 'म्हणाल्या' ही समाजाची बाई, 'म्हणाली' ही स्वतःची.

असं केलं तर शेवटचं पान आपोआप जुळून येतं. तिथे पीटर वॉल्श बसलाय, पाच वर्षांनी हिंदुस्थानातून परतलेला, तरुणपणी जिने नकार दिला तिच्या घरी. अंगावर शहारा का येतोय हे त्याला कळत नाही. मग तो म्हणतो, ही क्लॅरिसा. पुस्तक सुरू झालं मिसेस डॅलोवेवर, संपतं क्लॅरिसावर, आणि ते नाव घेणारा नवरा नाही. त्यानंतर मोजून चार शब्दांचं वाक्य: 'फॉर देअर शी वॉज'.

'कारण ती तिथे होती' हे व्याकरणाला धरून आहे, पण हजेरी घेतल्यासारखं वाटतं. 'कारण तिथे होती ती' यात शेवटचा शब्द सर्वनाम राहतो आणि जोर असण्यावर पडतो. 'कारण समोर ती होती' यात पीटरचे डोळे येतात, पण तिचं स्वतःचं असणं कमी होतं. सध्या मी दुसऱ्यावर आहे. 'कारण' ठेवावं की गाळावं यावर मात्र मत हवंय. ते ठेवलं तर शहाऱ्याचं उत्तर मिळतं, गाळलं तर ती नुसती दिसते.

---

टिपकागद

ठेवा. पीटर त्याच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारतो: ही भीती कसली, हा आनंद कसला, हे कशाने भरून आलं? 'कारण' गाळलं तर ते तिन्ही प्रश्न उघडे राहतात. आणि 'तिथे होती ती'मध्ये 'ती'नंतर पूर्णविरामच हवा. काही जण अशा जागी तीन टिंबं देतात, ती इथे नकोत.